शाळेची घंटा, चिपची दोन घड्याळं आणि दोन पेन्सिल सेल



आर्डुइनोवर एलईडी लुकलुकवणं आता आपल्यापैकी बऱ्याच जणांना जमतं. त्याच्या पुढची पायरी आली की मुलं दोन प्रश्न हमखास विचारतात. "हे सेलवर किती दिवस चालेल?" आणि "हे वेळ बरोबर दाखवेल ना?" मला हे दोन वेगवेगळे धडे वाटायचे. एक बॅटरीचा, दुसरा घड्याळाचा. पण आमच्या शाळेच्या घंटेनं मला चांगलंच शिकवलं की हे दोन्ही प्रश्न एकाच जागी येऊन भेटतात. ती जागा म्हणजे चिपला टिकटिक कोण पुरवतं आणि ती टिकटिक केव्हा बंद करायची.

आधी घंटेची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. शिपाई नाही. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा. पाळीनं एकेक मूल ऑफिसातल्या घड्याळात बघून ठोके देतं. मागच्या वर्षी सातवीच्या मुलांनी आणि मी मिळून आर्डुइनो उनोवर एक बझर बसवला. तासिका संपली की बझर वाजायचा, मग पाळीचं मूल ठोके द्यायचं. प्रोग्राम सोपा होता. चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले हे आर्डुइनोतलं 'मिलिस' सांगतं, त्यावरून वेळ काढायची. लाइट गेली की सगळं शून्यावर यायचं, मग मी मोबाइलमध्ये बघून परत वेळ लावायची. कटकट होती, पण चालत होतं.

मग एकदा सलग दहा दिवस लाइट गेलीच नाही. आम्ही खूश. अकराव्या दिवशी मी केंद्र शाळेत बैठकीला गेले होते. पाच वाजता सुटणारी शाळा त्या दिवशी बझरच्या भरवशावर पाच वाजून बारा मिनिटांनी सुटली. फाट्यावरची एसटी पाच-दहाला निघून गेलेली. वाडीवरच्या चार मुली चार किलोमीटर चालत घरी पोचल्या, तेव्हा दिवे लागले होते. दुसऱ्या दिवशी त्यातली एक मला म्हणाली, "बाई, आधी आम्ही घड्याळात बघून ठोके द्यायचो, तेव्हा एसटी कधी चुकली नव्हती."

काय बोलणार! ती चूक माझी होती. आणि गंमत बघा, रोज जाणारी लाइट ही चूक झाकत होती. लाइट गेली की मी वेळ नव्यानं लावायचे, त्यामुळे मागे पडलेलं घड्याळ आपोआप बरोबर व्हायचं. लाइट टिकली आणि चूक साठत गेली. दिवसाला सव्वा मिनिट म्हणजे दहा दिवसांत साडेबारा मिनिटं.

टिकटिक येते कुठून?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये बसलेला छोटा संगणक. उनो बोर्डावर जी लांबट काळी चिप असते तिचं नाव एटीमेगा ३२८ पी. ही चिप स्वतःहून काही करत नाही. तिला बाहेरून किंवा आतून सतत ठोके मिळावे लागतात, आणि प्रत्येक ठोक्याला ती कामाचं एक पाऊल टाकते. कवायतीच्या वेळी आपण "एक दोन, एक दोन" म्हणतो ना, तसं. ठोके थांबले की सगळे आहेत त्या जागी उभे. उनोवर हे ठोके सेकंदाला १ कोटी ६० लाख, म्हणजे १६ मेगाहर्ट्झ असतात.

हे ठोके देणारे प्रकार वेगवेगळे आहेत आणि खरी मेख इथेच आहे.

पहिला प्रकार चिपच्या पोटातच असतो. त्याला आरसी ऑसिलेटर म्हणतात. आर म्हणजे रोध आणि सी म्हणजे कपॅसिटर, ज्याला आपण विज्ञानाच्या पुस्तकात धारित्र म्हणतो. रोधातून थोडी थोडी वीज जाते, कपॅसिटर भरतो, ठरावीक पातळी आली की रिकामा होतो, परत भरतो. जुन्या काळचं घटिकापात्र आठवा. तळाला बारीक भोक असलेलं भांडं पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. भोक जरा मोठं झालं की घटिका लहान होणार. आरसी ऑसिलेटरचंही तसंच. चिप बनवताना तो रोध आणि तो कपॅसिटर हुबेहूब ठरवल्याएवढा होत नाही, शिवाय तापमान बदललं, व्होल्टेज बदललं की वेग बदलतो. एटीमेगा ३२८ पी मध्ये असा ८ मेगाहर्ट्झचा आरसी असतो. कंपनीतून येताना त्याची हमी फक्त १० टक्क्यांच्या आत चुकण्याची असते. आपण स्वतः जुळवून घेतला तर १ टक्क्यापर्यंत आणता येतो. जाता जाता एक गोष्ट. नवी कोरी चिप विकत आणली तर ती या ८ ला ८ नं भागून १ मेगाहर्ट्झवरच चालते. "बाई, प्रोग्राम तोच आहे पण एलईडी हळू लुकलुकतोय" अशी तक्रार आली तर कारण बहुतेक हेच.

१ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. फळ्यावर गुणून दाखवा. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्याचा १ टक्का ८६४ सेकंद, म्हणजे दिवसाला १४ मिनिटांपेक्षा जास्त! १० टक्के म्हणजे दिवसाला २ तास २४ मिनिटं.

दुसरा प्रकार सिरॅमिक रेझोनेटर. आमच्या उनोवर मुख्य चिपला हाच होता. बोर्डावर चकचकीत चंदेरी डबी दिसते म्हणून मला वाटायचं की आपल्याकडे क्वार्ट्झ आहे. पण ती डबी यूएसबी सांभाळणाऱ्या शेजारच्या चिपची. रेझोनेटर आरसीपेक्षा बराच बरा, पण अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकला तरी तो सदोष मानत नाहीत. आमचा तर दहावा हिस्सा टक्कासुद्धा चुकत नव्हता. तेवढ्यानंही एसटी गेली.

तिसरा प्रकार क्वार्ट्झ क्रिस्टल, म्हणजे स्फटिक. क्वार्ट्झच्या तुकड्यावर दाब दिला की त्यावर वीज तयार होते, हे फ्रान्समध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही होतं, वीज दिली की तुकडा थरथरतो. आणि तो किती वेगानं थरथरणार हे त्याच्या आकारावर ठरतं. झोपाळ्याला कितीही जोर लावा, त्याची एक हेलकाव्याची वेळ दोरीच्या लांबीवरच ठरते, तसं. म्हणून क्वार्ट्झ इतका भरवशाचा. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी पहिलं क्वार्ट्झ घड्याळ बनवलं. आणि २५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सेइको कंपनीनं क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ बाजारात आणलं.

साधारण क्रिस्टलची चूक दहा लाखात २० भाग एवढी सांगितलेली असते. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. महिन्याला मिनिटसुद्धा नाही.

क्वार्ट्झमध्येही दोन जाती लक्षात ठेवा. एक १६ मेगाहर्ट्झसारखे वेगवान क्रिस्टल. दुसरा घड्याळातला, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा आकडा विचित्र वाटतो ना? मुलांना वहीत निम्मे निम्मे करत जायला सांगा. १६,३८४, ८,१९२, ४,०९६, २,०४८... बरोबर पंधराव्या वेळी १ येतो. इलेक्ट्रॉनिक सर्किटला निम्मं करणं सगळ्यात सोपं, म्हणून सेकंदाला एक ठोका हवा असेल तर हा आकडा सोयीचा. आमच्या मुलांनी हे केलं तेव्हा एका पोरानं विचारलं, "मग ८,१९२ चा क्रिस्टल का नाही? तेरा वेळातच होईल." शाब्बास! सेइकोच्या त्या पहिल्या घड्याळात खरोखर ८,१९२ चाच होता.

मग क्वार्ट्झ लावला की झालं?

मलाही तसंच वाटलं. १६ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ लावू, वेळ बरोबर होईल. पण लाइट जाण्याचं काय? मग बॅटरी जोडली. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी संध्याकाळी उनोला लावली, सकाळी शाळा उघडेपर्यंत मेलेली. मल्टिमीटर लावून बघितलं तर उनो सुमारे ४५ मिलिअँपिअर करंट घेत होता. चांगल्या चौकोनी बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात. ५०० भागिले ४५, अकरा तास. गणित अगदी बरोबर होतं, मीच आधी केलं नव्हतं!

हा करंट जातो कुठे? थोडा बोर्डावरच्या दिव्यात, थोडा व्होल्टेज कमी करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये, थोडा यूएसबीच्या चिपमध्ये. आम्ही मुख्य चिप झोपवून बघितली, तरी आकडा तिसाच्या खाली येईना. म्हणून सेलवर चालवायचं असेल तर उनो बोर्ड शिकण्यापुरता ठेवा आणि नुसती चिप ब्रेडबोर्डवर लावा. तिला दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट, पुरतात.

आता नुसत्या चिपमध्ये वीज का खर्च होते ते बघू. चिपच्या आत हजारो बारीक स्विच आहेत. प्रत्येक स्विचजवळ विजेचा एक छोटासा पेला आहे असं समजा. ठोका पडला की काही पेले भरतात, काही रिकामे होतात. रिकामा झालेला पेला म्हणजे वाया गेलेली वीज. म्हणून जितके ठोके जास्त तितका खर्च जास्त, अगदी सरळ प्रमाणात. आणि व्होल्टेजचा परिणाम त्याहून मोठा, तो वर्गात येतो. ५ व्होल्टचा वर्ग २५, ३ व्होल्टचा ९. नुसतं व्होल्टेज ५ वरून ३ वर आणलं तर हा खर्च जवळजवळ एक तृतीयांश होतो. फक्त एक पथ्य आहे. कमी व्होल्टेजवर स्विच हळू चालतात, म्हणून वेगही कमी ठेवावा लागतो. या चिपला २० मेगाहर्ट्झसाठी किमान ४.५ व्होल्ट लागतात, १० साठी २.७ पुरतात आणि १.८ व्होल्टवर ४ पर्यंतच जाता येतं.

इथे मुलांचा एक गैरसमज होतो, माझाही झाला होता. वेग निम्मा केला की सेल दुप्पट चालणार? चिप नुसती वाट बघत बसली असेल तर हो. पण ठरावीक काम करायचं असेल तर नाही. वेग निम्मा तर काम करायला वेळ दुप्पट, म्हणजे ठोके तेवढेच लागले. उलट आजूबाजूला जे काही चालू आहे ते दुप्पट वेळ चालू राहिलं. वर्गात दिवा लावून वह्या तपासायच्या असतील तर हळूहळू तपासण्यात काय फायदा? भराभर तपासा, दिवा बंद करा, झोपा. चिपचंही हेच आहे. पटकन काम उरकायचं आणि गाढ झोपायचं.

झोपेचे प्रकार

एटीमेगा ३२८ पी ला सहा प्रकारे झोपता येतं. सहाही पाठ करायची गरज नाही, तीन पुरेत.

डुलकी, म्हणजे आयडल. यात फक्त मेंदू थांबतो, बाकी टाइमर वगैरे चालू. बचत होते पण जेमतेम.

गाढ झोप, म्हणजे पॉवर-डाउन. ठोके देणारे मुख्य ऑसिलेटर बंद. करंट ०.१ मायक्रोअँपिअरपर्यंत उतरतो. मायक्रो म्हणजे मिलिचाही हजारावा भाग! पण अडचण अशी की वेळ मोजणारंच कुणी जागं नाही. बटण दाबून उठवलं तर उठते, नाहीतर पडून राहते. रिमोटसारख्या वस्तूला हे छान. घंटेला काय उपयोग?

तिसरी पॉवर-सेव्ह. आई झोपली तरी तिचा एक कान बाळाकडे असतो, तशी ही झोप. सगळं बंद, फक्त टाइमर-२ नावाचा एक छोटा मोजणारा जागा राहतो, आणि त्याला ठोके देतो तो ३२,७६८ वाला घड्याळाचा क्रिस्टल. ठोके इतके संथ की या जागरणासकट करंट १ मायक्रोअँपिअरच्या आसपासच राहतो.

हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मी मध्येच एक आडवाट घेतली. पॉवर-डाउनमध्येसुद्धा वॉचडॉग नावाचा एक राखणदार चालू ठेवता येतो. तो जास्तीत जास्त ८ सेकंदांनी चिपला उठवतो. मी म्हटलं, वा! आठ-आठ सेकंद मोजत वेळ काढू. क्रिस्टलची गरजच नाही. शुक्रवारी संध्याकाळी डबा घरी नेला, सोमवारी सकाळी बघितलं. सेलवर काहीच परिणाम नाही, पण घड्याळ जवळजवळ अडीच तास पुढे. वॉचडॉगला ठोके देणारा चिपमधला वेगळा १२८ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर असतो. तो राखणदारीसाठी बनवलाय, प्रोग्राम अडकला तर चिप परत सुरू करण्यासाठी. त्याच्याकडून पंचांग काढायची अपेक्षा मी करत होते. कुंडीतल्या मातीचा ओलावा साधारण दर दहा मिनिटांनी बघायचा असेल तर वॉचडॉग उत्तम, नऊ मिनिटांनी बघितला म्हणून झाड रुसणार नाही. एसटी मात्र रुसते.

एका चिपला दोन घड्याळं

शेवटी जे जमलं ते असं. चिपला एकच घड्याळ द्यायचं नाही, दोन द्यायची. कामाला वेगवान, वेळेला अचूक.

कामासाठी तोच पोटातला ८ मेगाहर्ट्झचा आरसी. तो चुकतो, माहीत आहे. पण आपण त्याला वेळ विचारतच नाही, फक्त काम सांगतो. ते काम एका सेकंदाच्या हजाराव्या भागात झालं की थोडं जास्त लागलं, कोण बघतंय? शिवाय त्याचा एक मोठा गुण आहे, तो झोपेतून लगेच उठतो, सहा ठोक्यांत. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला स्थिर व्हायला साधारण १६ हजार ठोके दिले जातात, म्हणजे १ मिलिसेकंद. आमचं सेकंदाला उरकायचं कामच तेवढं नाही! एवढ्याशा कामासाठी एवढा वेळ आळोखेपिळोखे देणारा मजूर परवडत नाही.

वेळेसाठी ३२,७६८ वाला क्रिस्टल. तो आम्ही विकत आणला नाही. बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं, आत तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी चंदेरी नळी दिसते, दोन पायांची. मुलांनी तीच डाग देऊन काढली आणि चिपच्या ९ व १० नंबरच्या पायांना लावली. याच पायांना एरवी १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो. म्हणजे एका वेळी दोघांपैकी एकच. म्हणून मुख्य घड्याळ आरसीच ठेवावं लागतं.

टाइमर-२ ला १२८ नं भागायला सांगायचं. ३२,७६८ भागिले १२८, उरले २५६. टाइमर-२ हा ८ बिटांचा, म्हणजे ० ते २५५ मोजून परत शून्यावर येतो. बरोबर एक सेकंदाला एक फेरी. फेरी पूर्ण झाली की तो चिपला चिमटा काढतो, यालाच इंटरप्ट म्हणतात. चिप उठते, सेकंद एकनं वाढवते, घंटेची वेळ झाली का बघते, नसेल तर परत झोपते.

दोन ठिकाणी आम्ही अडखळलो, ती सांगून ठेवते.

पहिली जागा फ्यूज. हा वीज तोडणारा फ्यूज नव्हे. कोणतं घड्याळ वापरायचं हे चिपमध्ये ज्या सेटिंगनं कायमचं लिहून ठेवतात त्याला फ्यूज म्हणतात. मी घाईत "बाहेरून ठोके येणार" असं लिहून बसले. बाहेर कुणीच नव्हतं. चिप गप्प. प्रोग्रामर जोडला तरी उत्तर देईना, कारण उत्तर द्यायलाही ठोके लागतात! मुलांनी विचारलं, "बाई, मेली का?" मेली नव्हती. दुसऱ्या उनोच्या एका पायावरून चौकोनी ठोके काढून हिच्या ९ नंबरच्या पायाला दिले, तशी बोलायला लागली, मग फ्यूज परत नीट लिहिला. तुमची चिप अशी रुसली तर फेकू नका.

दुसरी जागा जास्त चकवणारी. आमची चिप कधी कधी उठतच नसे. कारण असं निघालं की टाइमर-२ संथ घड्याळावर चालतो आणि त्याच्या एका ठोक्याला साधारण ३० मायक्रोसेकंद लागतात. चिप उठून त्याच्या आत काम संपवून लगेच परत झोपली तर टाइमरला आधीचा चिमटा संपल्याचंच कळत नाही, आणि पुढचा चिमटा बसत नाही. उपाय सोपा. झोपण्याआधी टाइमर-२ च्या एखाद्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायचं आणि ते पोचल्याची खूण येईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात तो ठोका होऊन जातो. चिपच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलंय. मी ते पान तीनदा उलटून पुढे गेले होते.

आता सेलचा हिशेब

हा भाग सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घ्या, सरासरीचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

जागी असताना चिप साधारण ३ मिलिअँपिअर, म्हणजे ३,००० मायक्रोअँपिअर घेते. दर सेकंदाला १ मिलिसेकंद जागी राहते असं धरू, खरं तर याहून कमीच. तर सरासरी ३ मायक्रोअँपिअर. झोपेतला १ मिळवला, झाले ४. दिवसाचे २४ तास, म्हणजे ९६ मायक्रोअँपिअर-तास. सोयीसाठी ०.१ मिलिअँपिअर-तास धरा.

बझर ३० मिलिअँपिअर घेतो, ३ सेकंद वाजतो, दिवसातून १० वेळा. ३० गुणिले ३० सेकंद, भागिले ३,६००. उत्तर ०.२५. म्हणजे दिवसभरात अर्धा मिनिट वाजणारा बझर हा २४ तास वेळ सांभाळणाऱ्या चिपच्या अडीचपट खातो! पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मुलांना वाटलं दशांश चिन्ह चुकलं.

एकूण ०.३५. चांगल्या पेन्सिल सेलमध्ये सुमारे २,००० मिलिअँपिअर-तास. भागाकार केला तर १५ वर्षांच्या वर येतो. कागदावर. प्रत्यक्षात सेल नुसता ठेवला तरी हळूहळू उतरतो, त्यामुळे इतकी वर्षं सेलच टिकणार नाही. हीच चिप न झोपता चालवली असती तर ३ मिलिअँपिअरनं २,००० भागा, ६६६ तास, महिनाही नाही.

आता गळती. इतकं सगळं करून एका मुलानं "चालू आहे हे कळायला" डब्यावर छोटा लाल एलईडी लावला. ५ मिलिअँपिअर. दिवसाला १२०. सेल सतरा दिवसांत खलास! टाकीचा नळ बंद करून खाली भोक पाडण्यासारखं. एलईडी काढला. तरी मल्टिमीटरवर आकडा जास्तच. मग आठवलं की झोपण्याआधी एडीसी बंद केलेला नाही. एडीसी म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज मोजणारा भाग, तो आपण बंद केल्याशिवाय बंद होत नाही आणि पाव मिलिअँपिअरच्या आसपास पीत राहतो. आमच्या चिपच्या दिवसाच्या खर्चाच्या साठपट! त्यानंतर व्होल्टेज पडलं का यावर पहारा देणारा भाग निघाला, तो सुमारे २० मायक्रोअँपिअर, तोही झोपेपुरता बंद करता येतो. आणि कुठेही न जोडलेले पाय लोंबकळत ठेवू नका, त्यांना आतला पुल-अप रोध लावा. लोंबकळता पाय धड शून्य नाही धड एक नाही, आणि त्या घोळात करंट गळतो.

मोजतानाही एक काळजी घ्या. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर ठेवला की चिप उठताना वाढलेला करंट त्याला झेपत नाही, व्होल्टेज पडतं आणि चिप परत पहिल्यापासून सुरू होते. उठेपर्यंत मोठ्या रेंजवर ठेवा, झोपली की खाली आणा.

उन्हाळ्याचं काय?

आमची खोली पत्र्याची, एप्रिलमध्ये आत ४५ अंश सहज होतात. घड्याळाचा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सगळ्यात नीट चालतो, त्याहून गरम झाला तरी मागे पडतो आणि थंड झाला तरी मागेच पडतो. फरक अंशांच्या वर्गात वाढतो. दर वर्ग-अंशाला दहा लाखात ०.०३४ भाग. २० अंशांचा फरक, वर्ग ४००, म्हणजे १३.६ भाग. दिवसाला सव्वा सेकंदाच्या आत. घंटेला हे चालून जातं, आम्ही दर सोमवारी मोबाइलशी ताडून घेतो. याहून अचूक हवं असेल तर डीएस ३२३१ नावाची वेगळी घड्याळ-चिप मिळते. ती आपलं तापमान स्वतः मोजून चूक भरून काढते, वर्षाला सुमारे १ मिनिट एवढाच फरक. तयार सर्किट विकत घेतलंत तर त्यावरचा लाल दिवा आधी काढा!

आमचा डबा जूनपासून व्हरांड्यात आहे. आणि हो, शेवटच्या तासाचे ठोके मात्र पाळीचं मूल आता ऑफिसातल्या घड्याळाकडे एकदा बघूनच देतं. हा नियम एसटी चुकलेल्या त्या मुलींनी केलाय, मी तो बदललेला नाही.

करून बघा

१. टाइमर-२ ला १२८ ऐवजी १,०२४ नं भागलं तर चिप किती सेकंदांनी उठेल? मग चिपचा सरासरी करंट किती होईल? बझरचा खर्च तोच ठेवून सेलच्या आयुष्यात खरोखर किती फरक पडतो ते काढा, आणि तेवढ्यासाठी घंटा काही सेकंद मागेपुढे होणं परवडेल का ते मुलांनाच ठरवू द्या.

२. घरातलं एका पेन्सिल सेलवरचं भिंतीवरचं घड्याळ वर्षभर चालतं असं धरून त्याचा सरासरी करंट काढा. तो आमच्या चिपपेक्षा कितीतरी जास्त येईल. का, याचा अंदाज काटे बघून करा.

३. तुमच्या शाळेतलं कोणतंही डिजिटल घड्याळ आज मोबाइलशी जुळवा आणि दहा दिवस हात लावू नका. अकराव्या दिवशी फरक मोजा आणि दिवसाला दहा लाखात किती भाग चूक होते ते काढा.